सहाव्या प्रश्नापुढची चौकट

आठव्या दिवशी नळाला पाणी आलं होतं, आणि अशा वेळी सिडकोतला कुठलाही शहाणा माणूस फोनकडं ढुंकूनही बघत नाही. बुद्धभूषण हिवराळे तसा शहाणा होता. तीस वर्षं परदेशी पाहुण्यांना वेरूळ-अजिंठा दाखवून, त्यांचे रुसवेफुगवे काढून, त्यांचे हरवलेले पासपोर्ट शोधून देऊन माणसाला जेवढं शहाणपण येतं तेवढं त्याच्याकडं होतंच. तरी त्यानं एका हातात पाइप धरला, दुसरा हात पायजम्याला पुसला आणि फोन उघडला, कारण पडद्यावर हॅनेकेचं नाव होतं. हॅनेके म्हणजे हॉलंडची बाई, एकाहत्तर वर्षांची, उभी हयात तिकडच्या सरकारी कचेरीत नकाशे काढण्यात गेलेली. नोव्हेंबरात आली, आठ दिवस त्याच्याबरोबर लेणी बघत फिरली, आणि जाताना विमानतळावर त्याचे दोन्ही हात हातात धरून रडली होती. बाकीचे पाहुणे त्याला 'बुद्धा' म्हणायचे, जिभेला सोपं पडतं म्हणून, आणि खुद्द बुद्धाच्या मूर्तीसमोर उभं राहून 'बुद्धा, इथं टॉयलेट कुठंय' असं विचारायचे. हिला त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं, मला भूषण म्हणा, आणि तिनं आठही दिवस न चुकता भूषण म्हटलं. फोटो पाठवले असतील, असं त्याला वाटलं.

फोटो नव्हते. गुरुवारी माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे, असं तिनं लिहिलं होतं. आमच्याकडं कुणी परदेशात फिरून आलेलं असलं की ऑपरेशनाच्या आधी त्याची तपासणी करतात, तशी माझीही केली, आणि माझ्या आतड्यात असे जंतू निघाले की ज्यांच्यावर नेहमीची औषधं चालत नाहीत. काळजी करू नका, मी ठणठणीत आहे, ते नुसते बसून आहेत. डॉक्टर म्हणतात, बहुतेकांचे काही महिन्यांत आपोआप निघून जातात. पण गुडघा उघडल्यावर तिथं पोचले तर मात्र कठीण आहे. म्हणून आधी कुठलं औषध टोचायचं हे ठरवायला त्यांनी नऊ प्रश्नांचा कागद दिलाय. सातांची उत्तरं मी लिहिली. सहावा आणि आठवा तुमच्यासाठी सोडलेत. बुधवारी दुपारपर्यंत द्यायचेत. आणि मग, जाता जाता लिहावं तसं, एक वाक्य होतं की पीटला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, रक्ताचा आजार असल्यामुळं, त्याला काही लागायला नको म्हणून, सध्या ती दुसऱ्या खोलीत झोपते, त्याचा टॉवेल वेगळा, तिचा वेगळा. खाली कागदाचा फोटो होता. बुद्धभूषणनं दोन बोटांनी तो मोठा केला. प्रश्न सहावा: हातानं अन्न किंवा फळ देणाऱ्या व्यक्तीनं त्याआधी साबणानं हात धुतले होते का? होय, नाही, माहीत नाही. प्रत्येकापुढं एक रिकामी चौकट. प्रश्न आठवा: प्रवासात जुलाबासाठी कुठलं अँटिबायोटिक घेतलं? नाव, किती दिवस, कुणी दिलं.

"ओ भाईसाब! पानी जारा देखो! आठ दिन में आया पानी नाली में जारा!" शेजारच्या जहांआरा भाभी गच्चीवरून ओरडत होत्या. त्यांच्या ओरडण्यात नुसता राग नव्हता, कळवळा होता. या शहरात पाणी वाया जाताना बघणं कुणालाच सोसत नाही. टाकी भरून पाण्याचा ओघळ पायऱ्यांवरून गल्लीत पोचला होता. तो धावला, मोटार बंद केली, भाभींना 'माफ करा भाभी' म्हणाला आणि ओल्या पायांनी पायरीवरच बसला. कानशिलं तापली होती. इतकं काय झालंय, त्यानं स्वतःला विचारलं. बाई बरी आहे. चांगल्या शब्दांत विचारलंय. तिनं कुठं म्हटलंय की तुझ्यामुळं झालं? पण तो प्रश्न त्याला साधा प्रश्न म्हणून वाचताच येईना. हातानं देणाऱ्या व्यक्तीनं. व्यक्तीनं काय, सरळ विचार ना, की तुझे हात कसे होते?

आणि मग नको असताना देवगाव रंगारीची शाळा आली. तिसरीचा वर्ग, खिडकीजवळची शेवटची ओळ. त्या ओळीतल्या पोरांनी वह्या टेबलावर ठेवायच्या नाहीत, टेबलाच्या कडेला जमिनीवर रचायच्या, असं कुणी सांगितलेलं नव्हतं. ते सगळ्यांना ठाऊक होतं. गुरुजी वाईट नव्हते. मारायचे नाहीत. उलट बुद्धभूषणची वही उघडली की त्यांचा चेहरा खुलायचा, 'काय अक्षर आहे रे तुझं, शाब्बास' म्हणायचे, आणि ते मनापासून म्हणायचे हीच तर खरी पंचाईत होती. शाब्बास म्हणून झालं की वही मिटायचे, उठायचे, दाराबाहेर जायचे, आणि तांब्यातलं पाणी हातावर पडल्याचा आवाज यायचा. रोज. बाकीच्या ओळींच्या वह्या तपासून झाल्यावर कधीच नाही, फक्त त्या ओळीनंतर. परत येताना त्यांच्या हाताला लाल साबणाचा वास असायचा. त्या वयातही बुद्धभूषणला कळत होतं की शाब्बास आणि तो आवाज, दोन्ही आपल्यासाठीच आहेत. अक्षर जितकं चांगलं काढावं तितके ते वही जास्त वेळ हातात धरायचे. आता त्याचं वय चोपन्न होतं, गुरुजी कधीच गेले असतील, आणि तरी लाल साबणाच्या वासानं त्याला पहिल्यांदा आनंद व्हायचा आणि मग लाज वाटायची, आणि हा क्रम आजवर बदललेला नव्हता.

हे त्यानं बापाला सांगितलं होतं, एकदाच. सांडू हिवराळे तेव्हा गावातच मिळेल ते काम करायचे. वाळूजच्या कारखान्यात लागले ते पुढं. त्यांनी ऐकून घेतलं. शाळेत भांडायला गेले नाहीत, पोराला बाबासाहेबांच्या फोटोसमोर बसवून भाषणही दिलं नाही. नुसतं म्हणाले, "तू मातर कुणासमोर असं करू नको. कुणी तुला हात लावला, तू कुणाला हात लावला, त्या माणसादेखत हात धुवायचे नाय. माणूस मरतो आतून." एवढंच. बाप बाकी काही ठेवून गेला नाही, पण हे वाक्य ठेवून गेला, आणि बुद्धभूषणनं ते आयुष्यभर पाळलं. पाहुणा हस्तांदोलन करून गेला की तो नळाकडं वळायचा नाही. कुणी महारोगी लेण्यांच्या वाटेवर हात पुढं करी, त्याच्या तळहातावर तो नाणं टाकायचा नाही, ठेवायचा, आणि त्याच हातानं पुढं चहा घ्यायचा. त्यात त्याला एक प्रकारची श्रीमंती वाटे. कोरोनात सगळेच सगळ्यांसमोर हात धुवायला लागले तेव्हा त्यानंही धुतले, कारण तिथं एकट्या कुणाचा अपमान नव्हता. पण पाहुणे परत यायला लागले तशी त्यानं खिशातली सॅनिटायझरची बाटली काढून टाकली. साथ गेली, आता ही नाटकं कशाला.

आणि मग ते सीताफळ. तो उठला, कपडे केले, स्कूटर काढली. कुठं जायचं ते ठरलेलं नव्हतं, पण घरात थांबवत नव्हतं. जालना रोडच्या गर्दीत शिरल्यावर बरं वाटेल असं त्याला वाटलं, पण गर्दीतसुद्धा सीताफळ काही डोक्यातून जाईना. दौलताबादच्या घाटाखाली सारजाबाई टोपली घेऊन बसते. त्या दिवशी हॅनेकेनं गाडी थांबवायला लावली, हे हिरवं खवल्याखवल्यांचं काय आहे म्हणून. त्याच्या अर्धा तास आधी, हेही त्याला आता लख्ख आठवलं, तो एका हॉटेलामागच्या मुतारीत जाऊन आला होता. तिथला नळ कोरडा होता. त्यानं हात रुमालाला पुसले होते. गाडीत पाण्याच्या चार बाटल्या होत्या, सीटखाली साबणाची वडीसुद्धा होती, त्याची बायको करुणा ठेवायची. पण हॅनेके समोर उभी होती, नुकताच तिनं त्याचा हात धरून दगड ओलांडला होता, आणि तिच्यादेखत हात धुवायचे म्हणजे तिच्या हाताची घाण धुतल्यासारखं झालं असतं. असं त्याला वाटलं होतं. खरंच असंच वाटलं होतं, की कंटाळा केला होता? छे, कंटाळा नव्हता. त्यानं दोन्ही अंगठ्यांनी फळ फोडलं, बोटांनी एकेक पाकळी सोडवून तिच्या तळहातावर ठेवली. तिनं पर्समधून ती छोटी हात धुवायची बाटली काढली, त्याच्याकडं बघितलं, आणि न उघडता परत ठेवून दिली. बघा! ते बघून त्याला काय भरून आलं होतं. मानलं हिला, असं तो मनात म्हणाला होता. दोघांनी मिळून तीन सीताफळं संपवली, बिया रस्त्याच्या कडेला थुंकल्या, आणि ती म्हणाली होती की असं मी आईच्या हातून खाल्लं त्यानंतर आजच. आता क्रांती चौकाच्या सिग्नलला उभं असताना त्याला स्वतःच्याच अंगठ्यांकडं बघवेना. हँडलवर होते ते, साधे, नखं कापलेले, उजव्यावर जुना कापल्याचा वण. मागून हॉर्न वाजले तेव्हा कळलं की सिग्नल सुटून गेलाय.

राजेंद्र स्टेशन रोडच्या टपरीवर सापडला. राजेंद्रही गाइडच, वीस वर्षांचा दोस्त, जपानी बोलणारा, आणि जगातल्या कुठल्याही अडचणीवर चहा संपायच्या आत तोडगा काढणारा. बुद्धभूषणनं त्याला कागद दाखवला. राजेंद्रनं तो वाचला आणि हसला. "अरे, ह्याच्यात विचार करण्यासारखं काय हाय? होय वर खूण कर. साबणानं धुतले. दोनदा धुतले. तिथून कोण येतंय बघायला?"

"आणि गोळी?"

आता राजेंद्र हसला नाही. गोळी म्हटल्यावर टपरीवरचा कुठलाही गाइड हसला नसता. ती सगळ्यांच्याच बॅगेत असते. आज वेरूळ, उद्या अजिंठा, परवा विमान, असा ज्याचा हिशेब असतो त्या पाहुण्याचं पोट बिघडलं की एक दिवस जातो, आणि एक दिवस गेला की पाहुणा रुसतो. म्हणून संडासाला दोनदा पळाला की लगेच गोळी: रोज एक, तीन दिवस. कुणाचं पोट नुसतं गुरगुरलं तरी गोळी. काही गाइड तर पोट बिघडायची वाटही बघत नाहीत, पहिल्या संध्याकाळीच देतात, लांबच्या प्रवासाला निघताना पायाला काही लागू नये म्हणून बूट घालावेत तसं. हॅनेकेला सीताफळाच्या दुसऱ्या सकाळी दोन वेळा जुलाब झाले, तिसऱ्या वेळेची वाट त्यानं बघितली नाही. संध्याकाळी ती अजिंठ्याचं चित्र वहीत काढत होती. 'भूषण, तुम्ही जादूगार आहात,' असं ती म्हणाली, आणि त्याला जादूगार वाटलं होतं.

"हे बघ," राजेंद्र आवाज खाली आणून म्हणाला, "तू तुझं नाव लिहिशील, उद्या कुणी म्हणेल इथले गाइड औषधं वाटतात. लायसनवर येईल. तुझ्याच नाय, सगळ्यांच्या. माझी पोरगी कालेजात हाय, मला परवडणारं नाय. आणि तिचं काय वाकडं झालंय? ठणठणीत हाय म्हणते ना?" मग त्याला बुद्धभूषणच्या चेहऱ्यावरचं काहीतरी दिसलं असावं, कारण तो जरा नरमला. "बरं, खोटं नको वाटत असंल तर ते तिसरं हाय ना. माहीत नाही. त्याच्यावर कर. सुटलास."

माहीत नाही. स्कूटरवरून परतताना हा शब्द त्याला इतका सोयीचा वाटला की त्याची त्यालाच भीती वाटली. खोटं नाही, खरं नाही, कुणाच्या अंगाला काही लागत नाही. पाणचक्कीपाशी गाडी उभी करून तो कठड्याला टेकला, फोनवर उत्तर लिहायला घेतलं. प्रिय हॅनेके, सहाव्या प्रश्नाचं उत्तर, माहीत नाही. पुसलं. पुन्हा लिहिलं. खोटं बोलायचं त्याला तितकं वावडं नव्हतं. तीस वर्षं पाहुण्यांना 'पाचच मिनिटं चालायचंय' असं सांगणाऱ्या माणसाला खोट्याचं काय? पण 'नाही' लिहायचं म्हणजे काय होतं, हे राजेंद्रला कळणार नव्हतं. 'नाही' लिहायचं म्हणजे आपल्या हातानं, चांगल्या अक्षरात, लिहून द्यायचं की माझा हात घाण होता. त्या हाताचं काही मला लागलं, असं गुरुजी तोंडानं कधी म्हणाले नाहीत, नुसतं पाणी ओतत राहिले. आता ते आपणच लिहून द्यायचं? सही करून? समोर ठेवायचं परदेशातल्या कुण्या नर्ससमोर, की तुमचं बरोबर आहे, या माणसांच्या हातचं खाऊ नये? त्याला इतका संताप आला की कठड्यावरच्या कबुतरांना त्यानं हात हलवून हाकललं. आणि गुरुवारी त्या म्हाताऱ्या बाईचा गुडघा उघडणार. तिला काय टोचायचं हे त्या दोन चौकटींवर ठरणार. हे एक आणि ते एक, दोन्ही खरं होतं, आणि दोन्हीकडून त्याचा जीव ओढला जात होता. एखाद्याला दुसऱ्या कुणाला विचारायची तरी सोय असते. त्याला विचारायला बाप नव्हता. असता तरी काय विचारलं असतं? तुमचं वाक्य पाळलं आणि एक बाई आजारी पडली, आता पुढं?

करुणा सहाच्या सुमाराला ड्यूटीवरून आली. ती सरकारी दवाखान्यात सिस्टर होती, सर्जरीच्या वॉर्डात, आणि तिचं घरात येणं ठरलेलं होतं: चपला बाहेर, पर्स खुंटीला, आणि कुणाशी बोलायच्या आधी मोरीत कोपरापर्यंत हात. बोटांच्या मधलं, अंगठ्याभोवतीचं, नखांच्या खालचं. लग्नाच्या पहिल्या महिन्यात यावरून ते इतके भांडले होते की ती चार दिवस माहेरी जाऊन राहिली. तो तिच्या जवळ जायचा आणि ती म्हणायची, थांबा, हात धुऊन येते. त्याच्या डोक्यात तिडीक उठायची. मी काय पेशंट हाय का, असं तो ओरडला होता. नंतर दोघांनी त्या विषयाला हात लावायचं सोडून दिलं. संसारात असे चार-दोन विषय असतातच. आज ती हात पुसत बाहेर आली तेव्हा तो स्वयंपाकघराच्या दारापासून खिडकीपर्यंत येरझारा घालत होता.

"कामून असं फिरायलेत?" ती म्हणाली. "पाणी भरलं नाय का?"

"भरलं. सांडलं पण." त्यानं फोन तिच्या हातात दिला. तिनं चष्मा लावून सगळं वाचलं, मधेच ओठ आवळले, आणि फोन परत देताना म्हणाली, "सांगितलं होतं. ते काय फुटाणे हायेत का, वाटत सुटायला? गोळी घेतली की आतड्यातले साधे जंतू मरतात. जागा मोकळी होते. मग जे चिवट असतात ते ऐसपैस बसतात. आमच्याकडं अशी माणसं येतात, साध्या अपेंडिक्सची, आणि सलाइनमधून काय काय सोडलं तरी ताप हटत नाय. मी पाय चेपत बसते त्यांचे. दुसरं करणार काय?"

"आणि ते चिवट येतात कुठून?" त्याला उत्तर ठाऊक होतं.

"हातातून. पाण्यातून. तोंडातूनच जाणार ना पोटात."

"म्हणजे माझ्या हातातून."

"तुमच्या, माझ्या, त्या सीताफळवालीच्या, हॉटेलातल्या चमच्याच्या. तुमच्या पोटात असतील, माझ्या तर असतीलच. आपलं कोण तपासायला बसलंय? तिचं तपासलं म्हणून कळलं."

"मी हात धुतले असते तर?"

"तर कदाचित झालं नसतं. कदाचित तरी झालं असतं." तिनं चष्मा काढला. "धुतले का नाय पण? गाडीत वडी ठेवली होती मी."

मग त्यानं सांगितलं. पंचवीस वर्षांत बापाचं ते वाक्य त्यानं तिला सांगितलं नव्हतं, हे सांगताना त्याच्या लक्षात आलं. शाळा सांगितली, वह्यांची चळत, तांब्या, लाल साबण. सांगता सांगता आवाज चिरकला तेव्हा तो खिडकीकडं तोंड करून बोलला. करुणा ऐकत होती आणि तिचा चेहरा आधी मऊ झाला, आणि मग, त्याच्या अपेक्षेच्या अगदी उलट, ती चिडली.

"म्हणून पंचवीस वर्षं माझ्याशी तोंड वाकडं करत होते तुम्ही? मी हात धुतले की?" ती म्हणाली. "अहो, तो मास्तर तुमच्या वहीला हात लावल्यावर धुवायचा. नंतर. मी तुम्हाला हात लावायच्या आधी धुते. वॉर्डातलं काही तुमच्या अंगाला लागू नये म्हणून धुते. आधी आणि नंतर, एवढं बघितलं नाय तुम्ही कधी? मामंजी बिचारे नंतरचं म्हणाले असतील. तुम्ही आधीचं पण बंद करून टाकलं." आणि डोळ्यांत पाणी आलं ते तिला आवडलं नाही, म्हणून ती कणीक मळायला निघून गेली.

तो तिथंच उभा राहिला. त्याला हायसं वाटलं असं नाही. उलट पायाखालचं काहीतरी सरकल्यासारखं झालं. चोपन्न वर्षांच्या माणसाला कुणी दोन शब्दांत सांगावं की तू सगळ्या आयुष्यात एक गोष्ट उलटी वाचलीस, तर त्याला आनंद कसा होईल? त्याला आठवायला लागलं, एकामागून एक, सगळं आठवायला लागलं: पोरगी झाली तेव्हा स्टेशनवरून थेट दवाखान्यात जाऊन त्यानं तिला उचललं होतं आणि करुणा काहीतरी पुटपुटली होती. दरवर्षी पाहुण्यांच्या हातावर ठेवलेले पेरूचे तुकडे, शेंगा, गुळाचे खडे. कितीजणांच्या? सगळे काय पत्र पाठवतात? तिकडं बारा देशांत त्याच्या हातचं खाऊन गेलेली माणसं होती, आपापल्या घरी, आपापल्या नवऱ्याबायकांशेजारी झोपत होती, आणि कुणाचं काय झालं ते कधी कळणार नव्हतं. तो मनात त्यांचे चेहरे आठवू लागला आणि थांबता येईना. या विचाराला तळ नव्हता. आणि त्यातला एकच चेहरा असा होता की ज्याच्यासाठी अजून काही करता येत होतं, बुधवार दुपारपर्यंत.

सात वाजले होते. तिकडं दुपारचे अडीच. त्यानं बॅग उघडली, तळातून गोळ्यांची पट्टी काढली, खुर्चीवर ताठ बसला आणि लिहायचं सोडून सरळ फोन लावला. लिहिलं असतं तर त्यानं पुन्हा पुसलं असतं.

"भूषण!" तिचा आवाज तसाच होता, खणखणीत. पीट कसा आहे, असं त्यानं विचारलं. "कंटाळलाय," ती म्हणाली. "त्याच्या खोलीत जायच्या आधी मी हात धुते, तो आतून ओरडतो, राणीची स्वारी येतेय, राणीची स्वारी. चाळीस वर्षांत आमचा संसार इतका स्वच्छ नव्हता." ती हसली. तो हसला नाही.

"आठवा प्रश्न आधी घेऊ," तो म्हणाला. "ती गोळी अँटिबायोटिक होती. मी तुम्हाला ते सांगितलं नव्हतं, नुसतं पोटाची गोळी म्हटलं होतं. डॉक्टरला विचारलं नव्हतं. नाव सांगतो, लिहून घ्या." आणि त्यानं पट्टी दिव्याकडं धरून एकेक अक्षर सांगितलं. ती एकेक अक्षर परत म्हणत गेली. मध्ये एक अक्षर चुकलं, ते दुरुस्त केलं. किती मिलिग्रॅम, किती दिवस. पलीकडं पेन्सिलीचा आवाज ऐकू येत होता. "हे चांगलं झालं," ती म्हणाली. "हेच त्यांना हवं होतं. त्या जातीचं औषध ते आता बाजूला ठेवतील. तुम्ही अजून देता का ती?"

"परवाच्या पाहुण्यांना दिली," तो म्हणाला. "आता नाही देणार."

स्वयंपाकघरात कणकेचा आवाज थांबला होता. करुणा दारात येऊन उभी होती.

"सहावा," तो म्हणाला. "'नाही'वर खूण करा."

पलीकडं पेन्सिल खाली ठेवल्याचा आवाज आला.

"मी बघितलं होतं, भूषण," ती सावकाश म्हणाली. "तुम्ही रुमालाला हात पुसत आलात, तेही. म्हणून तर ती चौकट सोडली. तुमच्या हातांबद्दल तुम्हाला न विचारता मी कसं लिहिणार?"

"मग तेव्हाच का बोलला नाहीत?"

"वाटलं, तुम्हाला राग येईल."

"आला असता," तो म्हणाला. आणि म्हणाल्यावर त्याच्या लक्षात आलं की त्या रस्त्याच्या कडेला, त्या फळाभोवती, दोघंही एकमेकांचा मान राखत बसले होते, आणि दोघांपैकी एकानंही तोंड उघडलं नव्हतं. त्याला बाईचा आला तितकाच स्वतःचाही राग आला, आणि त्याच्यामागोमाग कधी नव्हे ते आपल्या बापासाठी जीव कळवळला.

"बरं, 'कुणी दिलं' या रकान्यात मी 'गाइड' लिहिते," ती म्हणाली. नाव देण्यातली त्याची अडचण तिला कळली होती. "सहाव्यापुढच्या मोकळ्या जागेतही तेच. नाव लागत नाही त्यांना."

सुटलास, राजेंद्र म्हणाला असता.

"लागत नसलं तरी लिहा," बुद्धभूषण म्हणाला. "भूषण नको. पूर्ण लिहा. बुद्धभूषण. बी, यू, डी, डी, एच, ए."

"डी दोनदा?"

"दोनदा. मग मधे माझ्या वडिलांचं नाव. सांडू. आमच्याकडं मधे बापाचं नाव लावतात. मग हिवराळे." त्यानं सगळी अक्षरं सांगितली, घाई न करता, आणि पेन्सिल थांबल्यावर म्हणाला, "आता वाचून दाखवा."

"सगळं?"

"सगळं. मोठ्यानं."

तिनं घसा साफ केला. "बुद्धभूषण सांडू हिवराळे," ती म्हणाली. "गोळी यांनी दिली. फळ यांनी दिलं. हात धुतले नव्हते." आडनावाचा उच्चार तिला जमला नाही. बापाचं नाव मात्र तिनं अगदी नीट घेतलं.